नंबर आला का?



गेल्या महिन्यात आमची मुले आंतरशालेय वाद्यवादन स्पर्धेहून परत आली. फाटकापाशी पालक उभे होते. मुले बसमधून उतरली नाहीत तोच प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न होता, ‘नंबर आला का?’ आठवीतला एक मुलगा बासरी वाजवून आला होता. त्याने नुसती मान हलवली आणि बासरीची पिशवी पाठीमागे धरली. दोन दिवसांनी त्याचे वडील कार्यालयात आले. म्हणाले, ‘सर, नंबर येत नसेल तर त्याचा संगीताचा तास बंद करा आणि गणिताच्या जादा तासाला बसवा.’ आम्ही त्यांना थोडे थांबायची विनंती केली. त्यांना द्यायचे उत्तर सर्वांसमोर मांडावे असे वाटले, म्हणून हा लेख.

स्पर्धांना आमचा विरोध नाही. प्रश्न आहे तो स्पर्धेकडून आपण काय मागतो याचा. त्यासाठी एका दूरच्या स्पर्धेचे उदाहरण घेऊ.

जपानमध्ये कोबे नावाचे बंदराचे शहर आहे. तिथे 1985 साली बासरीवादकांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. ही बासरी आपली बांबूची नव्हे. ती धातूची, चाव्या असलेली, जिला फ्लूट म्हणतात ती. म्युनिकचे वादक आणि कारागीर थेओबाल्ड बोएम यांनी 1847 मध्ये तिला जे रूप दिले, तेच थोड्याफार फरकाने आजही वापरात आहे. साधारण चार वर्षांतून एकदा ही स्पर्धा होते आणि देशोदेशीचे तरुण वादक तिथे जमतात. अशा स्पर्धांत आधी ध्वनिमुद्रणावरून निवड होते, मग एकामागून एक फेऱ्या होतात. नेमून दिलेल्या रचना सर्वांनाच वाजवाव्या लागतात. तेच स्वर, तीच लय; फरक असतो तो फक्त वाजवणाऱ्याच्या श्वासात आणि समजुतीत.

1989 साली कोबेच्या दुसऱ्या स्पर्धेत एमान्युएल पाहू या जिनिव्हात जन्मलेल्या तरुणाने पहिले पारितोषिक मिळवले. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. पुढे तीनच वर्षांत तो बर्लिन फिलहार्मोनिक या जगप्रसिद्ध वाद्यवृंदात दाखल झाला. मुलांना सांगायला ही गोष्ट छान आहे आणि आम्हीही ती सांगतो. पण पाहूच्या स्पर्धेत ज्यांचा नंबर आला नाही, त्यांचे काय? त्यांना पुढच्या संधीसाठी चार वर्षे थांबायचे होते. एवढी वर्षे केवळ नंबराच्या आशेवर कोणी रियाज करू शकत नाही. ज्याला बासरीच हवी आहे, तोच टिकतो.

नंबराबद्दल आणखी एक गोष्ट. जर्मनीत म्युनिकला 1952 पासून एक मोठी संगीत स्पर्धा होते. तिच्यात काही वर्षी बासरीचीही स्पर्धा असते. या म्युनिकच्या स्पर्धेत परीक्षकांना पहिल्या पारितोषिकाच्या योग्यतेचे कोणी आढळले नाही, म्हणून ते दिलेच नाही, असे अनेकदा घडले आहे. आपल्याकडे असे झाले तर केवढा गदारोळ होईल! आपल्याकडे पहिला, दुसरा, तिसरा आणि वर दोन-तीन उत्तेजनार्थ द्यावेच लागतात. शेजारच्या शाळेपेक्षा बरा वाजवला की पहिला. पण ‘शेजाऱ्यापेक्षा बरा’ आणि ‘चांगला’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलांना कोणी सांगायचे? कधी नंबर येऊनही वादन कच्चे असते, आणि कधी नंबर न येताही मूल खूप पुढे गेलेले असते.

आता कोबे शहराकडे परत येऊ, कारण आमच्या मते शिकण्यासारखी खरी गोष्ट तिथल्या विजेत्यांपेक्षा त्या शहरातच आहे. 17 जानेवारी 1995 च्या पहाटे तिथे भीषण भूकंप झाला. सहा हजारांहून अधिक माणसे गेली, घरे, रस्ते, बंदर उद्ध्वस्त झाले. तरीही ठरल्याप्रमाणे 1997 साली चौथी स्पर्धा झाली. पुढे नवव्या खेपेच्या आधी नगरपालिकेने अनुदान थांबवले, तेव्हा देणग्या गोळा झाल्या आणि 2017 साली स्पर्धा पार पडली. देणगी देणाऱ्यांपैकी कितीजणांची मुले त्या स्पर्धेत वाजवणार होती? आपल्या गावात चांगले संगीत व्हावे आणि आपण ते ऐकावे, एवढ्यासाठी लोकांनी पैसे दिले.

शिवाय हे वाद्य मूळ जपानचे नाही. पण मुरामात्सु या घराण्याने 1923 पासून तिथे ही बासरी बनवायला घेतली आणि आज जपानी बासऱ्या जगभरचे वादक वापरतात. यात आपल्यालाही नवल वाटायला नको. पेटीसुद्धा युरोपातूनच आली. आपल्या नाट्यसंगीताने ती इतकी आपलीशी केली, गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी तिला असे बोलके केले, की ती परकी होती हे आता आठवतही नाही. वाद्य कोणत्या देशातून आले याला फारसे महत्त्व नाही. जिथे ते ऐकणारे कान तयार होतात, तिथले ते होते.

आणि आपले ग्वाल्हेर तर अशा कानांचेच गाव. 1914 साली कृष्णराव शंकर पंडितांनी इथे गांधर्व महाविद्यालय काढले. 1918 साली माधवराव शिंदे महाराजांच्या आश्रयाने आणि भातखंड्यांच्या मार्गदर्शनाने माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले. तानसेन समारोहात मोठमोठे कलावंत समाधीपाशी हजेरी लावतात. तिथे कोणी गुण देत नाही. थंडीत शाल पांघरून रात्र रात्र ऐकत बसणारी माणसे याच गावची. त्यांची नातवंडे आज स्वतःचे वाजवून झाले की बसमध्ये जाऊन बसतात, ही आम्हाला नंबर न येण्यापेक्षा मोठी हार वाटते.

यात दोष मुलांचा नाही, आमचाही आहे. मागच्या वर्षी आम्हीच संगीत शिक्षकांना सांगितले होते, ‘ज्यांचा नंबर नक्की येईल, त्यांनाच न्या.’ परीक्षा जवळ आली की संगीताचा तास गणिताला देण्याची परवानगीही आमच्याच सहीने जाते. मुलांनी नंबरालाच सर्वस्व मानले, तर ते आमच्याकडूनच शिकले, हे कबूल करायला हवे.

म्हणून या वर्षापासून आम्ही तीन गोष्टी ठरवल्या आहेत. संगीताचा तास कोणत्याही कारणाने दुसऱ्या विषयाला दिला जाणार नाही. स्पर्धेला जाणारी मुले शेवटचा स्पर्धक वाजवेपर्यंत सभागृहात बसतील. आणि परत आल्यावर दुसऱ्या दिवशीच्या प्रार्थनेनंतर प्रत्येक जण दुसऱ्या शाळेच्या कोणत्या मुलाचे वादन आवडले आणि का, हे चार वाक्यांत सांगेल. ते मराठीत सांगावे, म्हणजे त्या निमित्ताने मराठीचाही थोडा रियाज होईल.

पालकांकडे मागणे एकच आहे. फाटकापाशी उभे राहून प्रश्न जरूर विचारा, फक्त तो बदला. ‘नंबर आला का?’ याऐवजी ‘आज काय ऐकलेस?’ असे विचारा.

त्या आठवीतल्या मुलाला आम्ही बोलावून हेच विचारले. तो आधी गप्प राहिला. मग म्हणाला, ‘सर, एका मुलीने भूप वाजवला. तिचा गंधार फार वेळ टिकत होता. माझा श्वास तिथे तुटतो.’ स्पर्धेतून आणायचे ते हा मुलगा घेऊन आला आहे. त्याच्या वडिलांना आमची विनंती आहे, गणिताचे आम्ही पाहू. बासरी त्याच्या हातात राहू द्या.