शब्द पाठ, वाचन सपाट

राज्याच्या सीईटी कक्षाची एमबीए प्रवेश परीक्षा २०० प्रश्नांची असते आणि वेळ मिळतो १५० मिनिटे. म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद. त्यातले ५० प्रश्न थेट इंग्रजी आकलनाचे आणि शब्दसंपदेचे. उरलेल्या १५०पैकी आकृत्यांचे २५ सोडले, तर तर्काचे आणि गणिताचे सगळे प्रश्न आधी इंग्रजीतून वाचावे लागतात आणि मगच सोडवता येतात. मराठीचा पर्याय या परीक्षेत नाही. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतली पदवीधर मुले-मुली दरवर्षी या परीक्षेला बसतात. माणच्या, जतच्या, आटपाडीच्या, पाटणच्या गावांतून आलेल्या या मुलांचे गणित कच्चे नसते, डोके तर मुळीच कमी नसते. तरीही यातली फार मोठी संख्या ज्या ठिकाणी अडते ते ठिकाण एकच आहे. त्यांना इंग्रजी मजकूर पुरेशा वेगाने वाचून समजत नाही. आणि याची तयारी म्हणून आपण त्यांच्या हातात काय देतो? शब्दांच्या याद्या.

हे गंभीर आहे, आणि ते आता स्पष्ट शब्दांत सांगण्याची वेळ आली आहे. परीक्षा वाचनाची आहे आणि आपली मुले पाठांतर करून तिला सामोरी जात आहेत.

दोन्ही शहरांतल्या कुठल्याही अभ्यासिकेत डोकावून पाहा. परीक्षेला तीन-चार महिने उरले की ‘व्होकॅब’ सुरू होते. रोज तीस शब्द, प्रत्येकासमोर एक मराठी अर्थ, रविवारी त्यावर चाचणी. बॅरन्सच्या साडेतीन हजार शब्दांच्या यादीच्या झेरॉक्स प्रती वर्षानुवर्षे हातोहात फिरतात. नॉर्मन लुइस यांचे ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ हे १९४९चे पुस्तक अजून भरपूर खपते. खरे तर ते पुस्तक शब्दांची मुळे आणि कुळे उलगडून दाखवते, सावकाश वाचायला लावते. आपल्याकडे मात्र त्यातले शब्द तेवढे वहीत उतरवले जातात. महिनाभराने यादीतला निम्मा भाग विसरलेला असतो. उरलेला निम्मा उताऱ्यात समोर आला की ओळखू येत नाही, कारण मुलांनी तो शब्द वाक्यात कधी पाहिलेलाच नसतो.

ज्यांच्यासाठी ही घोकंपट्टी चालते त्या परीक्षाही केव्हाच बदलल्या आहेत. परदेशातल्या पदव्युत्तर प्रवेशाच्या जीआरई परीक्षेतून विरुद्धार्थी शब्दांचे सुटे प्रश्न २०११ सालीच गेले. आता वाक्याचा रोख कळल्याखेरीज रिकामी जागा भरता येत नाही. आयआयएमच्या कॅटमध्ये भाषेच्या विभागाला ४० मिनिटे आणि २४ प्रश्न असतात. त्यातले १६ उताऱ्यांवर येतात आणि ते उतारे अर्थशास्त्रापासून पर्यावरणापर्यंत कशावरही असू शकतात. वालचंद महाविद्यालयातली अभियांत्रिकीची मुले गेट देतात, तिथेही १०० पैकी १५ गुण सामान्य क्षमतेला आहेत आणि त्यात भाषेचे प्रश्न असतात. बीबीए आणि बीसीएसारख्या पदवी प्रवेशांसाठी राज्याने २०२४पासून सीईटी सुरू केली. त्या १०० प्रश्नांत तब्बल ४० इंग्रजीचे आहेत. म्हणजे जी अडचण पदवीनंतर यायची ती आता बारावीनंतरच दारात उभी राहिली आहे.

मुले नेमकी कुठे चुकतात, हे त्यांच्या शेजारी बसून पाहिले पाहिजे. अवघड, लांबलचक शब्दांवर ती चुकत नाहीत. ‘पाच मित्र गोल टेबलाभोवती बसले आहेत’ अशा कोड्यात ‘अनलेस’ हा साधा शब्द येतो आणि अट उलटी वाचली जाते. उताऱ्यात लेखक दोन परिच्छेद दुसऱ्याचे मत मांडतो, तिसऱ्यात ‘हाउएव्हर’ म्हणून ते खोडून काढतो, आणि मूल पहिलेच मत लेखकाचे समजून उत्तर देते. हे शब्द कुठल्याही यादीत नसतात. ते चौथी-पाचवीपासून ठाऊक असतात, पण धावत्या मजकुरात त्यांनी वळण घेतले की नजर तिथे थांबत नाही, कारण तिला धावत्या मजकुराची सवयच नाही. मिनिटाला १२० शब्दांच्या गतीने वाचणाऱ्याला ४०० शब्दांचा उतारा संपवायला तीन मिनिटांहून जास्त वेळ लागतो. २०० शब्दांच्या गतीने तोच दोन मिनिटांत संपतो. पन्नास प्रश्नांच्या वाट्याला सरासरीने साडेसदतीस मिनिटे येतात. त्या हिशेबात हा फरक शेकडो क्रमांकांचा ठरतो, आणि मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेसारख्या ठिकाणी शंभराच्या अगदी जवळच्या पर्सेंटाइललाच जागा मिळते.

मुलांना दोष देऊन सुटका नाही. मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली. त्याला पाव शतक होऊन गेले. आज सीईटीला बसणाऱ्या प्रत्येक मुलाने पदवीपर्यंत पंधरा वर्षे इंग्रजी हा विषय घेतलेला आहे. पंधरा वर्षांत त्याने पाठ्यपुस्तकाबाहेरचे एक तरी इंग्रजी पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले आहे का, हा प्रश्न आपल्या घरातल्या, शेजारच्या, नात्यातल्या मुलांना विचारून पाहावा. उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असेच येईल. शाळेत धडा सर मराठीतून समजावून सांगतात आणि प्रश्नोत्तरे फळ्यावर लिहून देतात. उरलेले काम गाइड आणि ‘अपेक्षित’ करतात. दहावीच्या परीक्षेत न पाहिलेला उतारा येतो खरा, पण प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि ती ओळ जशीच्या तशी उतरवायची, एवढे तंत्र आले की गुण मिळतात. उतारा न समजता त्यावरचे गुण मिळवण्याचे हे कौशल्य आपण दहावी-बारावीला पक्के करून घेतो आणि पदवीला तेच चालू ठेवतो. पुढे प्रवेश परीक्षेत लेखकाचा सूर काय, त्याचे कोणते गृहीतक कच्चे आहे असे विचारले की ते तंत्र निरुपयोगी ठरते.

हे दुखणे आपल्यापुरते नाही. ‘असर’च्या २०२३च्या अहवालासाठी २६ राज्यांतल्या २८ ग्रामीण जिल्ह्यांत १४ ते १८ वयाच्या मुलांची पाहणी झाली. इंग्रजीतली साधी वाक्ये वाचू शकणारी ५७.३ टक्के निघाली, आणि जी वाचू शकली त्यांतल्या साधारण एक-चतुर्थांश मुलांना त्यांचा अर्थ सांगता आला नाही. पण साताऱ्याने आणि सांगलीने देशाच्या सरासरीत समाधान मानावे, असा या मातीचा इतिहास नाही.

७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकर हा मुलगा साताऱ्याच्या ज्या सरकारी शाळेत इंग्रजी पहिलीत दाखल झाला, ते आजचे प्रतापसिंह हायस्कूल. त्या दिवसाची आठवण म्हणून राज्यात विद्यार्थी दिवस पाळला जातो. पुढे मुंबईत त्याला हवे ते पुस्तक मिळावे म्हणून रामजी सुभेदार लेकींकडे उसने पैसे मागत. तो मुलगा १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात पोहोचला, त्यामागे वाचनाचे असे घर होते. १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी कऱ्हाडजवळच्या काले इथे रयत शिक्षण संस्था सुरू केली, आणि बहुजनांच्या मुलांसाठी शिक्षणाची दारे उघडली. त्याच १९१९ साली सांगलीत डेक्कन एज्युकेशन सोसायटीने विलिंग्डन महाविद्यालय काढले. पुढे ज्ञानपीठ मिळवणारे कन्नड कवी वि. कृ. गोकाक हे इंग्रजीचे प्राध्यापक १९४०च्या दशकात तिथे प्राचार्य होते. पु. ल. देशपांडे विलिंग्डनचेच विद्यार्थी. त्या वर्गांत बसणाऱ्या बहुतेकांच्याही घरी कोणी इंग्रजी बोलत नव्हते. त्यांना इंग्रजी आली ती पुस्तकांतून, ग्रंथालयातून, वर्गात मोठ्याने वाचणाऱ्या शिक्षकांच्या तोंडून.

आज ज्याला जमते तो पुण्याला खोली घेतो, खाणावळ लावतो, क्लासची फी भरतो. उसाचे बिल किंवा द्राक्षाचा हंगाम त्यात जातो. जमत नाही तो गावातच राहून मोबाइलवर मॉक टेस्ट देत बसतो. मुलींना तर घरून अनेकदा पुण्याची परवानगीच मिळत नाही. मग जी मुलगी वर्गात पहिली येते ती सीईटीत मागे पडते आणि आपल्याला काही येत नाही असे स्वतःच ठरवून टाकते. आम्हाला सर्वांत जास्त टोचते ते हे. ज्या गोष्टीची संधी तिला मिळालीच नाही, त्यावरून तिने स्वतःची लायकी ठरवावी, ही तिची हार नाही, आपली आहे.

परीक्षाच मराठीतून का नको, असे कोणी विचारील. विचारलेच पाहिजे. राज्याच्या परीक्षेत राज्याच्या भाषेचा पर्याय असावा, ही मागणी रास्त आहे आणि आमचा तिला पाठिंबा आहे. पण ती मान्य होईपर्यंत बसणाऱ्या मुलांचे काय? आणि मान्य झाली तरी व्यवस्थापनाच्या, कायद्याच्या, संशोधनाच्या पदव्युत्तर वर्गात शिरल्यावर ग्रंथ इंग्रजीतच उघडावे लागणार आहेत. शिवाय ज्याने मराठीत कादंबऱ्या, चरित्रे, अग्रलेख वाचलेले असतात त्याला इंग्रजी उताऱ्याचा रोखही लवकर सापडतो. मराठी वाचन वाढवणे आणि इंग्रजी वाचन वाढवणे ही एकाच कामाची दोन टोके आहेत. वाचन तुटले ते दोन्हीकडचे तुटले.

हा पैलवानांचा मुलूख आहे. मैदानाच्या आधी महिनाभर खुराक वाढवून कोणी कुस्ती मारत नाही, हे इथे लहान पोरालाही कळते. तरीही वाचनाच्या बाबतीत आपण नेमके तेच करतो आहोत.

उपाय खर्चिक नाही, म्हणूनच तो न करण्याला सबब नाही. पाचवीपासून शाळेच्या कपाटातली सोपी इंग्रजी गोष्टींची पुस्तके बाहेर यावीत. त्यांवर प्रश्न, चाचणी, गुण काही नको, नुसती वाचावीत. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन होतो, त्या दिवशी पुस्तकांसोबत छायाचित्रे निघतात आणि १६ तारखेला कपाटाला कुलूप लागते. ते कुलूप निघाले पाहिजे. पदवी महाविद्यालयांनी पहिल्या वर्षापासून आठवड्याला दोन तास केवळ वाचनाला द्यावेत, इंग्रजीच्या प्राध्यापकांनी त्या तासाला उतारा समजावून न सांगता मुलांबरोबर वाचावा आणि मग लेखक काय म्हणतो यावर भांडू द्यावे. रोज वीस मिनिटे कुठल्याही चांगल्या इंग्रजी वर्तमानपत्राचे संपादकीय पान वाचणारा मुलगा तीन वर्षांत हजार पाने सहज पार करतो. त्यात भेटलेला शब्द दहा वेगवेगळ्या वाक्यांतून भेटतो आणि पाठ न करता राहतो. शब्दांच्या याद्या फेकून द्या असे आम्ही म्हणत नाही. शेवटच्या दोन महिन्यांत, भरपूर वाचून झाल्यावर, उजळणीला त्या उपयोगी पडतात.

गावोगावच्या वाचनालयांनाही यात उतरावे लागेल. २०१९च्या महापुरात सांगलीच्या नगर वाचनालयातली हजारो पुस्तके पाण्यात गेली तेव्हा सारे शहर हळहळले. ती हळहळ इंग्रजी विभागात नवी, तरुणांना झेपतील अशी पुस्तके भरण्यात उतरायला हवी. महाबळेश्वर तालुक्यातल्या भिलारने २०१७ साली घराघरांत पुस्तके मांडून दाखवली. एक गाव जे करू शकले ते कऱ्हाड, विटा, इस्लामपूर, फलटणच्या अभ्यासिकांना का जमू नये? तिथे आज खुर्च्या आहेत, वायफाय आहे, रात्री उशिरापर्यंत दिवे आहेत, आणि मुलांनी स्वतः आणलेल्या गाइडांखेरीज वाचायला काही नाही.

यंदा पदवीच्या पहिल्या वर्षात आलेली मुले तीन वर्षांनी सीईटीचा अर्ज भरतील. शिवाजी विद्यापीठाने, साताऱ्याच्या कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठाने आणि दोन्ही जिल्ह्यांतल्या प्राचार्यांनी वाचनाचा तास पुढच्या सत्राच्या वेळापत्रकात छापून द्यावा. कोणत्या महाविद्यालयाने तो दिला आणि कोणत्या महाविद्यालयात तो प्रत्यक्ष भरतो, याची विचारणा आम्ही या पानावरून करत राहू.