कब्रस्तानची भिंत आणि सभागृहातले मत

ईदचा चाँद दिसण्याच्या दोन दिवस आधी आमच्या मोहल्ल्याच्या तोंडाशी फ्लेक्स लागतो. वीसएक वर्षे हा रिवाज चालू आहे. हिरवी जमीन, पिवळा चाँदतारा, एका कोपऱ्यात मशिदीचा भव्य घुमट (तो बहुधा तुर्कस्तानातला असावा, आमच्या मशिदीला असा घुमट नाहीच) आणि मधोमध हात जोडलेले आमदारसाहेब. खाली शुभेच्छुक म्हणून आमच्याच बारा-चौदा पोट्ट्यांचे गॉगल लावलेले फोटो. पक्ष बदलतो, साहेब बदलतात. घुमट तोच राहतो. छापणारा एकच असेल.

रमजानात इफ्तार होतो. साहेब डोक्याला रुमाल बांधून येतात, खजूर तोंडात घालतात, फोटो निघतात. मग आमच्यातले कोणीतरी वडीलधारे उभे राहून म्हणतात, "साहेब, कब्रस्तानच्या भिंतीचं पाहा ना जी." साहेब मान हलवतात. निवडणुकीच्या वर्षी भिंत होते, त्यावर संगमरवरी पाटी बसते, पाटीवर साहेबांचे नाव कोरले जाते. आम्ही टाळ्या वाजवतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्यांच्या गावी आम्ही वाढलो, वयाची पन्नाशी ओलांडली. या काळात आमच्या लोकप्रतिनिधींनी आम्हाला काय दिले, असा हिशेब मांडायला बसलो की भिंती, दरवाजे, शादीखाने आणि पेव्हर ब्लॉक एवढेच आठवते. आमच्या मयतांची सोय झाली. जिवंतांसाठी त्यांनी सभागृहात हात वर केला की खाली ठेवला, हे आम्ही कधी विचारलेच नाही.

आमदार-खासदाराचे काम काय? ज्या कामासाठी त्याला मुंबईला किंवा दिल्लीला पाठवतात ते म्हणजे कायदा करणे, सरकारच्या पैशाला मंजुरी देणे आणि सरकारला जाब विचारणे. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, कपात सूचना, अशासकीय विधेयक ही त्याची हत्यारे. भिंत बांधणे हे ग्रामपंचायतीचे, नगरपालिकेचे काम. खासदार निधीची योजना डिसेंबर १९९३ मध्ये सुरू झाली. आज तो निधी वर्षाला पाच कोटी आहे. राज्यात आमदारांचा निधी वेगळा. या निधीने एक मोठी गंमत केली. कायदे करणारा माणूस ठेकेदाराचा वरिष्ठ भागीदार दिसू लागला आणि मतदारही त्याच्याकडे तसेच पाहू लागला. भिंत दिसते, मत दिसत नाही. फ्लेक्सवर भिंतीचा फोटो टाकता येतो, मताचा टाकता येत नाही.

आता मतांकडे येऊ.

आमच्या जिल्ह्याच्या मोठ्या भागाचे लोकसभेत प्रतिनिधित्व श्रीमती भावना गवळी यांनी दीर्घकाळ केले. १९९९ आणि २००४ मध्ये वाशीममधून, मतदारसंघांची फेररचना झाल्यावर २००९, २०१४ आणि २०१९ मध्ये यवतमाळ-वाशीममधून. पाचही वेळा शिवसेनेच्या धनुष्यबाणावर. ९ डिसेंबर २०१९ च्या रात्री नागरिकत्व दुरुस्ती विधेयक लोकसभेत ३११ विरुद्ध ८० मतांनी संमत झाले तेव्हा त्यांच्या पक्षाने विधेयकाच्या बाजूने मत दिले. त्याआधी दहा-अकरा दिवस मुंबईत शिवसेना, काँग्रेस आणि राष्ट्रवादीचे सरकार बसले होते. आमच्याकडे त्या सरकारच्या स्वागताची मिठाई वाटून झाली होती. दोन दिवसांनी, ११ डिसेंबरला, तेच विधेयक राज्यसभेत आले आणि तोच पक्ष सभात्याग करून बाहेर पडला. विधेयक १२५ विरुद्ध १०५ ने पार झाले. सोमवारी हो आणि बुधवारी दाराबाहेर. या दोन दिवसांत विधेयकाचा मजकूर बदलला नव्हता, मुंबईतल्या सरकारची गरज मात्र पुढे आली होती. त्या आठवड्यात आमच्या गल्लीत बाया पेटीतून जन्मदाखले शोधत होत्या. कोणाचा दाखला पुरात गेला होता, कोणाच्या नावात शेख होते तर कोणाच्या नावात नव्हते. त्या बायांपर्यंत ना सोमवारचे मत पोहोचले, ना बुधवारचा सभात्याग.

पुढे २०२२ च्या जूनमध्ये शिवसेना फुटली. पक्षाने गवळींकडून लोकसभेतले मुख्य प्रतोदपद काढून घेतले आणि त्या शिंदे गटाकडे गेल्या. २०२४ मध्ये त्यांना लोकसभेचे तिकीटच मिळाले नाही. जुलैमध्ये त्या विधान परिषदेवर गेल्या. यवतमाळ-वाशीममधून ठाकरे गटाचे संजय देशमुख निवडून आले. आमच्या मोहल्ल्यांनी मशालीवर भरभरून मते टाकली, हे लपवण्यात अर्थ नाही. आणि २ एप्रिल २०२५ ला वक्फ दुरुस्ती विधेयक लोकसभेत आले तेव्हा ठाकरेंच्या पक्षाने विरोधात मत दिले, शिंदेंच्या पक्षाने बाजूने दिले. विधेयक २८८ विरुद्ध २३२ ने संमत झाले. २०१९ मध्ये एकाच बाकावर बसणारी माणसे २०२५ मध्ये आमच्या बाबतीत दोन टोकांना होती. यातले मन कोणाचे बदलले आणि फक्त बाक कोणाचा बदलला, हे आम्हाला कळायला मार्ग नाही. वक्फच्या मतासाठी आम्ही ठाकरे गटाचे आभार मानतो. पण ते मत उद्या टिकेल का, याची हमी आभाराच्या पत्रात लिहून मिळत नाही.

कोणी म्हणेल, तुम्ही भगव्यांनाच धरून बसलात. तसे नाही. तिरंग्याचा हिशेब तर अधिक जुना आहे.

तलाकचे विधेयक घ्या. एका दमात तीनदा तलाक म्हणून बाईला घराबाहेर काढणे हा जुलूम आहे, असे या पानांवर लिहिणाऱ्यांनी कोर्टाच्या निकालाची वाट न पाहता लिहिले आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये तो प्रकार रद्द ठरवला. मग जो तलाक झालेलाच नाही त्यासाठी नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगात टाकून बाईच्या पोटगीचे काय साधणार, हा साधा प्रश्न होता. यावर आमच्यातही दोन मते आहेत, असू द्या. पण ३० जुलै २०१९ ला राज्यसभेत ते विधेयक ९९ विरुद्ध ८४ ने पार झाले, त्या दिवशी विरोधी बाकांवरच्या कितीतरी जागा रिकाम्या होत्या. शरद पवार आणि आमच्याच विदर्भाचे प्रफुल्ल पटेल सभागृहात नव्हते. बाहेर विरोधाची भाषणे आणि आत रिकामी खुर्ची. गैरहजेरीसुद्धा मतच असते. फक्त त्यावर सही नसते.

आरक्षणाची कथा तर आम्हाला तोंडपाठ आहे. सच्चर समितीचा अहवाल २००६ चा. महाराष्ट्राने २००८ मध्ये महमूदुर्रहमान समिती नेमली, तिचा अहवाल २०१३ मध्ये आला. काँग्रेस-राष्ट्रवादीचे सरकार १९९९ पासून सत्तेत होते. त्यांना मुसलमानांचे मागासलेपण जुलै २०१४ मध्ये दिसले, विधानसभेची निवडणूक तीन महिन्यांवर आली तेव्हा, आणि तेही अध्यादेशाच्या रूपाने. नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाला स्थगिती दिली, पण मुसलमानांचे शिक्षणातले पाच टक्के राहू दिले. म्हणजे कोर्टाने दिले. तोवर सरकार बदलले होते. डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात नव्या सरकारने मराठा आरक्षणाचा कायदा केला आणि आमचा अध्यादेश मरू दिला. पुढे महाविकास आघाडी आली. फेब्रुवारी २०२० मध्ये नवाब मलिकांनी विधान परिषदेत शिक्षणातल्या पाच टक्क्यांची घोषणा केली. ते सरकार जून २०२२ पर्यंत चालले. विधेयक आले नाही. घोषणेचे मात्र फ्लेक्स लागले होते, ते आम्ही पाहिले आहेत.

आमच्या जिल्ह्याने राज्याला दोन मुख्यमंत्री दिले, दोन्ही पुसदच्या नाईक घराण्यातले. वसंतराव नाईकांचे नाव आम्ही आदराने घेतो. हायब्रीड ज्वारी आणि रोजगार हमी आमच्या बापांनी पाहिली, त्या हमीच्या खडीवर आमच्या माताही बसल्या. सुधाकरराव नाईकांनी जलसंधारणाचे काम केले, तेही खरेच. पण डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती तेव्हा राज्याच्या खुर्चीवर आमच्या पुसदचा माणूस बसला होता. श्रीकृष्ण आयोगाने ९०० बळी मोजले, त्यातले ५७५ मुसलमान, २७५ हिंदू. अहवाल ऑगस्ट १९९८ मध्ये विधानसभेत आला आणि युतीच्या सरकारने तो झिडकारला. मग १९९९ पासून १५ वर्षे ज्यांचे राज्य होते, त्यांनी प्रत्येक जाहीरनाम्यात आणि प्रत्येक इफ्तारमध्ये त्या अहवालाचा उल्लेख केला. अंमलबजावणी किती झाली हे मुंबईच्या विधवांना विचारा. आमच्या जिल्ह्यातून याच काळात सत्तारूढ पक्षाचे आमदार, मंत्री मुंबईला जात-येत होते. त्यांनी सभागृहात या अहवालाबद्दल काय विचारले, हे विचारायला आमच्यातला एकही शिष्टमंडळ घेऊन गेला नाही. आम्ही भिंतीसाठी गेलो होतो.

आमचे दुःख वेगळे आणि जिल्ह्याचे दुःख वेगळे, अशी वाटणी करणाऱ्यांना आम्ही एकच उदाहरण देतो. गाय कापण्यावर बंदी होतीच, बैल-वळूवरही बंदी आणणारे विधेयक युती सरकारच्या काळात १९९५ मध्ये विधिमंडळाने संमत केले आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर मार्च २०१५ मध्ये ते लागू झाले. त्यावर बोलताना सगळे कुरेशींचेच नाव घेतात. पण कापूस बुडाला, बँकेची नोटीस आली, की आमच्या जिल्ह्यातला शेतकरी म्हातारा बैल बाजारात नेत असे आणि त्या पैशातून बियाणे आणत असे. घेणारा कुरेशी, विकणारा कुणबी, बंजारा, आदिवासी. एका कायद्याने दोघांचा व्यवहार मोडला. २०२५ मध्ये रस्त्यावरच्या मारहाणीला कंटाळून कुरेशींनी राज्यभर जनावरांची खरेदी बंद केली तेव्हा बाजार ओस पडले आणि शेतकऱ्यांचीही ओरड सुरू झाली. सत्तेच्या बाजूच्या काही नेत्यांनाही तेव्हा तोंड उघडावे लागले. वीस वर्षे विधेयक दिल्लीत पडून होते, मधल्या सरकारांनी ते मागे घेतले नाही. शेतकरी आत्महत्यांचा जिल्हा म्हणून सारा देश आम्हाला ओळखतो. २००६ मध्ये पंतप्रधानांचे ३,७५० कोटींचे पॅकेज आले, २०१४ मध्ये दाभडीत 'चाय पे चर्चा' झाली, २०१७ मध्ये फवारणीच्या विषाने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. जळक्याच्या कलावती बांदूरकर यांचे नाव लोकसभेत दोनदा गाजले. २००८ मध्ये राहुल गांधींनी घेतले, २०२३ मध्ये अमित शहांनी त्यांना उत्तर म्हणून घेतले. बाई तीच, गाव तेच. बैलाच्या कायद्याबद्दल त्यांच्यासारख्या शेतकरणीला काय वाटते, हे दोन्ही बाजूंनी विचारले नाही.

आता एक तांत्रिक गोष्ट, कारण आमच्यातले शिकलेलेही यात गडबडतात. लोकसभेत मतविभाजन मागितले तर कोणी हो म्हटले, कोणी नाही म्हटले ते नावानिशी छापले जाते. विधानसभेत बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने होतात. 'होय'चे बहुमत, असे अध्यक्ष म्हणतात आणि पुढचा विषय घेतात. आमच्या आमदाराचा आवाज त्या गलक्यात कोणत्या बाजूचा होता, याची कुठेच नोंद नाही. जुलै २०२५ मध्ये जनसुरक्षा विधेयक विधानसभेत असेच आवाजी मतदानाने संमत झाले. डहाणूचे विनोद निकोले यांनी आपला विरोध स्पष्ट नोंदवला, म्हणून आज त्यांचे नाव आम्ही लिहू शकतो. बाहेर पत्रकारांपुढे विरोध करणारे पुष्कळ होते. त्यांची नावे आम्ही कोणत्या आधारावर लिहावीत?

आणि १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा आहेच. पक्षादेश मोडला तर सदस्यत्व जाते. साहेब आम्हाला खाजगीत सांगतात, मनातून मी तुमच्या बाजूचा आहे, पण व्हिप होता. चांगले आहे. पण मग मत पक्षाचे असेल तर भिंतीवरच्या पाटीवर नाव तुमचे का? आणि व्हिप मतदानावर असतो, तोंडावर नसतो. भाषण करायला, प्रश्न टाकायला, पक्षाच्या बैठकीत भांडायला कोणता कायदा आडवा आला? आमच्या गावच्या उर्दू शाळेत चार शिक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत, दोन गुरुजी सहा वर्ग सांभाळतात. त्या प्रश्नावर व्हिप निघाल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

दोष साहेबांचाच नाही. आम्ही त्यांना तसे घडवले. शिष्टमंडळात कोण जाते? ठेकेदार, त्याचा मेहुणा, मशीद कमिटीचे सदर आणि फ्लेक्सवर फोटो हवा असलेला पोट्टा. बाया नाहीत, शिक्षक नाहीत, कुरेशी मोहल्ल्यातला कोणी नाही. मागणी काय? भिंत. आणि जो खुर्ची देतो, शाल घालतो, त्याला जाब विचारणे आमच्याकडे बेअदबी समजली जाते.

या वर्षी आमच्यातल्या सहा-सात जणांनी, दोन शिक्षिका धरून, वेगळे करून पाहिले. ईदच्या फ्लेक्ससाठी फोटो मागायला पोरे आली तेव्हा आम्ही फोटोऐवजी एक पत्र दिले. पत्रात तीन गोष्टी विचारल्या होत्या: गेल्या तीन अधिवेशनांत आपण किती तारांकित प्रश्न टाकले आणि कोणते, अल्पसंख्याक विकास विभागाच्या मागणीवर आपण बोललात का, आणि जी विधेयके आवाजी मतदानाने झाली त्यांत आपली बाजू कोणती होती, ते सहीनिशी कळवावे. पोरांनी पत्र नेले. फ्लेक्स आमच्या फोटोंविना लागला, घुमट तोच होता. पंधरा दिवसांनी साहेबांच्या स्वीय सहायकाचा फोन आला. पत्र मिळाल्याचे त्यांनी सांगितले आणि अदबीने विचारले, कब्रस्तानच्या दुसऱ्या बाजूची भिंत बाकी आहे ना? आम्ही म्हटले, आहे. पण आधी पत्राचे उत्तर द्या. ते म्हणाले, साहेबांना विचारून सांगतो. अजून उत्तर यायचे आहे. पुढच्या अधिवेशनाआधी दुसरे पत्र जाईल, त्यावर सह्या घ्यायचे काम शिक्षिका बाईंनी आपल्याकडे घेतले आहे आणि आतापर्यंत ८३ झाल्या आहेत.