शक्ती नव्हे, स्मृती

‘रोगप्रतिकारशक्ती’ या शब्दाशी माझे भांडण आहे. मी डॉक्टर नव्हे, शास्त्रज्ञही नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकवर थांबले. पोरांना शिकविणे आणि कादंबऱ्या लिहिणे एवढे दोनच उद्योग मला येतात. परंतु शब्द हे माझे भांडवल आहे, आणि एखादे खोटे नाणे वर्गावर्गांतून फिरू लागले की गप्प बसणे मला जमत नाही.

शब्द ऐकायला भारदस्त आहे. परीक्षेत त्याची व्याख्या विचारली की पोरे ती धडाधड लिहितात आणि गुण मिळवितात. त्याच पोराला वही मिटायला लावून विचारा, ‘बाबा रे, म्हणजे काय?’ तो दंड फुगवून दाखवील! ज्याच्या अंगात ताकद त्याला रोग होत नाही, किडकिडीत असेल त्याला होतो, हे उत्तर नगर जिल्ह्यातल्या कोणत्याही वर्गात मिळेल. पुष्कळदा मास्तरांच्या खोलीतही मिळेल. शब्दाच्या शेपटाला ‘शक्ती’ बांधली आहे ना! मग ती दुधातुपाने वाढते, तालमीत वाढते, आणि आता डब्यातल्या भुकटीनेही वाढते. २०२० साली कोरोनामुळे शाळांना कुलपे लागली तेव्हा काढे, अर्क आणि गोळ्या यांचा जो पूर बाजारात आला, तो याच शब्दाच्या पाटातून आला. शास्त्राचा शब्द दुकानदाराने उचलून नेला, आणि शाळा तर बंदच होती.

खरी गोष्ट निराळी आहे. कातडी, ताप, सूज ही शरीराची पहिली फळी; ती प्रत्येकाला जन्मतः मिळते. पण पुढचे सगळे काम ओळखीवर चालते. एखादा जंतू प्रथमच अंगात शिरला की रक्तातल्या असंख्य पांढऱ्या पेशींतून त्याच्याशी नेमकी जुळणारी पेशी सापडावी लागते, तिची वाढ व्हावी लागते, तिने प्रतिपिंडे तयार करावी लागतात. या खटपटीत आठवडा-दोन आठवडे जातात, आणि तेवढ्यात माणूस दगावूही शकतो. वाचला, तर त्या पेशींपैकी काही मागे राहतात. त्यांना स्मृतिपेशी म्हणतात. गावाला एकदा लुबाडून गेलेला भामटा पुन्हा वेशीत दिसला की म्हातारा पाटील त्याला लांबूनच ओळखतो आणि चार माणसांना हाक मारतो. तसेच हे आहे. पाटलाचे दंड किती फुगीर, हा प्रश्नच येथे उद्भवत नाही. आणि लस म्हणजे तरी काय? भामटा येण्यापूर्वीच त्याची तसबीर वेशीवर लावून ठेवणे.

नुसत्या ताकदीने भागले असते तर १९१८ सालचा इन्फ्लुएन्झा तरण्याताठ्यांना सोडून गेला असता. त्याने हिंदुस्थानातली एक कोटीहून अधिक माणसे नेली, आणि वीस ते चाळीस वयाची धडधाकट माणसे त्यांत फार होती. त्यांच्या अंगात शक्ती होती, ओळख नव्हती.

गंमत अशी की, आमच्या अडाणी म्हटल्या गेलेल्या आज्यापणज्यांना यातले मर्म कळत होते. एकदा देवी येऊन गेलेल्या माणसाला त्या पुन्हा येत नाहीत, हे त्या ओळखून होत्या. म्हणून तर मराठीत ‘देवी येणे’ आणि ‘देवी टोचणे’ हे दोन्ही प्रयोग शेजारीशेजारी नांदले. कोप आणि उपाय यांना एकाच नावाने हाक मारणारी ही भाषा! १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवी टोचल्या; या देशात यशस्वी झालेली ती पहिली लस. तिच्या दंडावरच्या फोडातली लस मग दुसऱ्या मुलांना, त्यांच्यापासून तिसऱ्यांना, अशी पोरांच्या दंडादंडांवरून ती पुढे गेली. १९७५ साली देशातला देवीचा शेवटचा रोगी नोंदला गेला आणि १९८० साली सारे जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. रामायण-महाभारताच्या तोडीची ही कथा आहे. ती ज्याने ऐकली नाही, अशा पोराला मी व्याख्या पाठ करायला लावू?

मास्तरकीचा आणि आमच्या नगरचा एक जुना संबंध आहे. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे नगरला मिस फरार यांच्याकडे घेतले. १८९७ च्या प्लेगात त्यांनी पुण्यात रोग्यांची सेवा केली आणि १० मार्चला प्लेगानेच त्यांचा बळी घेतला. त्याच वर्षी १० जानेवारीला मुंबईत हाफकिन यांनी आपण तयार केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली होती. मध्ये अवघे दोन महिने! सावित्रीबाईंची पुण्यतिथी आली की शाळाशाळांतून हार पडतात, भाषणे होतात. पण प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून माणसापर्यंत कसा येतो, त्याची लस कोणी आणि कोठे केली, हे इतिहासाच्या तासाला विज्ञान म्हणून गाळतात आणि विज्ञानाच्या तासाला इतिहास म्हणून! ज्या रोगाशी झुंजत ती माउली गेली, तो रोग समजून घेणे हे तिला वाहिलेले अधिक चांगले फूल नाही काय?

‘हे सारे खेड्यातल्या पोरांना झेपणार नाही,’ असे सांगणारे विद्वान मला भेटतात. त्यांनी एकदा जामखेडला जावे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने तेथे काम सुरू केले. त्यांनी गावोगावच्या बायका निवडल्या. कित्येक निरक्षर, कित्येक दलित, कित्येक टाकलेल्या. त्यांना जुलाबाचे पाणी, बाळाचे वजन, बाळंतपणाची स्वच्छता, लस, क्षय, कुष्ठरोग हे सारे शिकविले, आणि त्या बायकांनी ते गावाला शिकविले. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पारितोषिक मिळाले, पण खरा पुरावा त्या बायकांचाच आहे. ज्यांना अंगठ्याखेरीज सही नव्हती त्यांना रोग कळला. मग आठ वर्षे शाळेत बसलेल्या पोराला का कळू नये? कळत नाही, कारण त्या बायकांना कोणी व्याख्या विचारीत नव्हते. दारातले मूल जगले की नाही, हीच त्यांची परीक्षा होती.

आता या परीक्षेपर्यंत आमच्या वर्गाला नेऊ. गोवराचा एक रोगी, भोवती कोणालाच संरक्षण नसेल तर, १२ ते १८ जणांना रोग देतो. आपण १५ धरू. सातवीतल्या पोरांना हे गणित घाला: त्या १५ पैकी १४ जणांच्या शरीराला गोवराची ओळख असेल तर रोग एकालाच लागेल, आणि साथ पसरणार नाही. चौदा भागिले पंधरा म्हणजे ९३ टक्क्यांच्या वर. म्हणूनच डॉक्टर ९५ टक्के मुलांना लस हवी म्हणतात. साठ मुलांच्या वर्गात ती मुले ५७ होतात. म्हणजे तिघांचीच सवड आहे. ज्यांना दुखण्यामुळे लस देता येत नाही, त्यांच्यासाठी ती राखून ठेवायची. माझ्या दंडावरची सुई शेजारच्या बाकावरच्या पोराला वाचविते, हे कोणत्या नीतिपाठात इतक्या सरळपणे सांगितले आहे?

गोवर तर स्मृतीचाच वैरी आहे. तो स्मृतिपेशी मारतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, लस न घेतलेल्या ज्या मुलांना गोवर झाला त्यांच्या रक्तातली दुसऱ्या रोगांविरुद्धची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडे नाहीशी झालेली आढळली. ‘गोवर काय, लहानपणी येऊन जातोच,’ असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा वाचावा. २०२२ च्या अखेरीस मुंबईच्या गोवंडीत, भिवंडीत गोवराने मुले दगावली, तेही आठवावे.

आणि आमच्या जिल्ह्यात हा प्रश्न दिवाळीलाच दारात उभा राहतो. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडच्या टोळ्या मुकादमाची उचल घेऊन याच सुमारास कारखान्यांच्या वाटेला लागतात. कोयत्याबरोबर तान्ही पोरेही जातात. गोवराच्या लसीचा पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. त्या दुसऱ्या डोसाची वेळ येते तेव्हा ते पोर कोठल्या तरी फडाशेजारी उसाच्या पाचटाच्या कोपीत असते. तेथली परिचारिका त्याला ओळखत नाही, आणि गावची परिचारिका त्याला शोधू शकत नाही. पोर अशक्त म्हणून मेले, असे पुढे लोक सांगतात. पाहा, ‘शक्ती’ पुन्हा आली! दोष पोराच्या अंगावर टाकून सगळे मोकळे. क्षयाच्या रोग्याचेही असेच होते. औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांत बहुतेकांपासून लागण होण्याची भीती ओसरते. पण त्याच्या मुलाला वर्गात वेगळे बसविण्याची रीत वर्षभर चालते.

‘मग खाण्यापिण्याला काहीच किंमत नाही काय?’ असे कोणी विचारील. आहे, फार मोठी आहे. उपाशी पोराला गोवर अधिक मारतो, क्षय अधिक धरतो. पाटील ओळखणारा असला तरी हाकेला धावणारी माणसे अर्धपोटी असून चालत नाही. पण त्यासाठी भाकरी हवी, डाळ हवी, अंडे हवे. चकचकीत डब्यातली भुकटी नव्हे.

शब्द बदलण्याचा अधिकार मला नाही; पाठ्यपुस्तके खुशाल जुनाच शब्द छापोत. पण खडू माझ्या हातात आहे, आणि माझ्यासारख्या हजारो मास्तरांच्या आणि बाईंच्या हातात आहे. त्यांच्याकडे माझे एवढेच मागणे आहे. व्याख्या सांगण्यापूर्वी स्मृतीची गोष्ट सांगा. ९५ टक्क्यांचे गणित फळ्यावर सोडवा. ज्यांच्या घरची माणसे ऊस तोडायला निघाली आहेत, त्या पोरांना विचारा की धाकट्या भावंडाचे लसीचे कार्ड कोठे आहे. कार्डावर एखादा डोस राहिला असेल तर आईला निघण्याआधी आरोग्य केंद्रात धाडा, आणि ते कार्ड ट्रंकेत ठेवून न जाता बरोबर न्यायला सांगा. थोरले पोर हे काम नीट करते. त्याला कारण तेवढे कळले पाहिजे. टोळ्यांचे ट्रक भरायला अजून काही दिवस आहेत.