जुन्या भिंतीला सिमेंट नको

अमरावती-अकोल्याकडची बरीच जुनी घरे मातीची. पोपडे दिसले की आपण सिमेंटचा गिलावा करून मोकळे होतो. भिंत वरून देखणी दिसते. पण जमिनीतून चढलेल्या ओलीला बाहेर पडायला वाट उरत नाही. आतली माती भुसभुशीत होते आणि एखाद्या झडीत गिलाव्यासकट भिंत बसते.

त्यापेक्षा हे काम घरीच करा. आधी कवेलू फेरून घ्या, पागोळ्यांचे पाणी पायथ्यापासून दूर काढा. लिंपायला शेतातली काळी माती नको. ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. पांढरी माती चाळून तीत गव्हाचे कुटार व शेण मिसळा. चार-पाच दिवस भिजत ठेवा, रोज तुडवा. सैल पोपडे खरवडा, भिंतीवर पाणी शिंपडा आणि दोन पातळ थर द्या. पहिला वाळल्यावरच दुसरा. मृगाच्या आत सारे वाळले पाहिजे, म्हणून वैशाखातच हात घाला.

भिंतीला पोट आले असेल किंवा आरपार भेग असेल, तर मात्र नुसते लिंपू नका. तिच्याजवळची खाट आजच हलवा आणि जाणत्या गवंड्याला बोलवा.