एकलहऱ्याचा कोळसा, पानेवाडीचे तेल आणि आपण

विजेचे बटण दाबताना किंवा दुचाकीत पेट्रोल भरताना हे इंधन कोठून आले, असा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. नाशिक जिल्ह्यातील भाविकांना मात्र त्याचे उत्तर शोधण्यासाठी दूर जावे लागणार नाही. नाशिकरोडजवळ एकलहरे येथे कोळशावर चालणारे औष्णिक विद्युत केंद्र आहे, तर मनमाडजवळ पानेवाडी येथे तेल कंपन्यांचे मोठे साठे आहेत. आपली घरे, शेती आणि प्रवास ज्या दोन खनिजांवर उभे आहेत, ती दोन्ही आपल्याच जिल्ह्यात रोज येतात आणि जळतात किंवा पुढे जातात. म्हणून त्यांचा थोडा मुळापासून विचार करणे उचित ठरेल.

करोडो वर्षांची ठेव

कोळसा आणि खनिज तेल यांना जीवाश्म इंधने म्हणतात, कारण दोन्हींचा उगम सजीवांत आहे. प्राचीन दलदलींतील वनस्पती चिखलाखाली गाडल्या गेल्या. हवा न मिळाल्याने त्या पूर्णपणे कुजल्या नाहीत. वर साचत गेलेल्या थरांचा दाब आणि भूगर्भातील उष्णता यांमुळे त्यांचा कोळसा झाला. विदर्भातील कोळसा ज्या खडकांत सापडतो, ते सुमारे २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. खनिज तेल मुख्यतः समुद्रातील सूक्ष्म जीवांच्या अवशेषांपासून तयार झाले. म्हणजे आपण जे जाळतो, तो एका अर्थी त्या काळातील साठवलेला सूर्यप्रकाशच होय.

नाशिकच्या जमिनीखाली काळा कातळ आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून तो बनला. त्यामुळे येथे कोळशाच्या खाणी नाहीत. एकलहऱ्याला लागणारा कोळसा शेकडो किलोमीटर अंतरावरून रेल्वेने येतो. तेलाचीही तीच कथा. १९७४ साली मुंबई हाय येथे समुद्राखाली तेल सापडले आणि १९७६ पासून ते काढले जाऊ लागले. तरीही आज देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८० टक्क्यांहून अधिक तेल परदेशातून आणावे लागते. आखातात युद्धाचे ढग जमले की निफाडच्या द्राक्ष बागायतदाराच्या ट्रॅक्टरचा खर्च वाढतो, तो यामुळेच.

हिशेब काय सांगतो?

एकलहरे येथे प्रत्येकी २१० मेगावॅटचे तीन संच आहेत. ते १९७९ ते १९८१ या काळात सुरू झाले. हे तिन्ही संच पूर्ण क्षमतेने चालले, तर दिवसाला सुमारे दीड कोटी युनिट वीज तयार होईल. एका युनिटसाठी साधारण ७०० ग्रॅम कोळसा धरला, तर रोज दहा हजार टनांहून अधिक कोळसा जाळावा लागेल. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण मोठे, बहुधा एक तृतीयांशाच्या आसपास असते. म्हणजे रोज तीन हजार टनांच्या वर राख. तिचा काही भाग सिमेंट आणि विटांसाठी उपयोगी पडतो. पण जी उरते, ती जवळच्या गावांच्या वाट्याला येते.

राख निदान डोळ्यांना दिसते. कार्बन डाय-ऑक्साइड दिसत नाही. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे २.३ किलो कार्बन डाय-ऑक्साइड हवेत जातो. इंधनाच्या वजनापेक्षा हे वजन अधिक कसे, असे वाटेल. इंधनातील कार्बनला हवेतील प्राणवायू येऊन मिळतो, म्हणून. हा वायू पृथ्वीची उष्णता अडवून धरतो. कोट्यवधी वर्षांत जमिनीत गाडला गेलेला कार्बन आपण दोन-अडीच शतकांत बाहेर काढत आहोत, आणि तापमानवाढीचे मूळ येथेच आहे.

पानेवाडीचा रक्ताचा डाग

इंधनाची किंमत केवळ रुपयांत मोजता येत नाही, हे या जिल्ह्याने २५ जानेवारी २०११ रोजी पाहिले. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी मनमाडजवळ रस्त्यालगत चाललेली इंधन भेसळ पकडण्याचा प्रयत्न केला. भेसळखोरांनी त्यांना भर दिवसा जिवंत जाळले. प्रजासत्ताक दिनाच्या पूर्वसंध्येला घडलेल्या या घटनेने सारा महाराष्ट्र हादरला.

ही भेसळ शक्य का होते? कच्चे तेल तापवून त्यातील घटक वेगळे केले जातात. रॉकेल आणि डिझेल यांचे उकळबिंदू एकमेकांच्या जवळ असल्याने ते सहज मिसळतात आणि गाडी चालतेही. त्या काळी गरिबांसाठीचे रॉकेल अनुदानामुळे स्वस्त होते, डिझेल महाग. या दोन दरांमधील फरकात काळा बाजार फोफावला. गरिबाच्या चुलीसाठी काढलेला पैसा भेसळखोराच्या खिशात गेला आणि एका कर्तव्यनिष्ठ अधिकाऱ्याला प्राण गमवावे लागले. दोष तेलाचा नव्हता, लोभाचा होता.

ख्रिस्तसभेची शिकवण

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या विश्वपत्रात, कोळसा, तेल आणि काही अंशी वायू यांवरील अवलंबन टप्प्याटप्प्याने, पण विलंब न लावता संपवावे, असे स्पष्ट सांगितले. पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश त्यांनी वेगळे मानले नाहीत. उधळ्या पुत्राचा दाखला आपण जाणतो. वारसा मिळणे हे पाप नव्हते. तो परत न मिळणारा वारसा चैनीत उधळणे हे पाप होते. जीवाश्म इंधने हाही असाच एकदाच मिळालेला वारसा आहे. तो संपण्यापूर्वी, आणि त्याच्या धुराने पृथ्वी होरपळण्यापूर्वी, पुढची व्यवस्था उभारण्यासाठी तो जपून वापरला पाहिजे.

मात्र येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. एकलहऱ्याचे संच आता चाळिशी ओलांडून गेले आहेत. ते एक ना एक दिवस बंद होणार. त्या केंद्रावर कामगार, कंत्राटी मजूर, मालवाहतूकदार, लहान दुकानदार अशी अनेक कुटुंबे जगतात. स्वच्छ हवेची मागणी करणाऱ्याने त्यांच्या भाकरीचा प्रश्नही आपला मानला पाहिजे. त्यांना आधीच नवे प्रशिक्षण आणि पर्यायी काम मिळावे. ज्या गावांनी जमीन दिली आणि धूर सोसला, त्यांना नव्या ऊर्जेच्या लाभातही वाटा मिळावा. असे न होता केवळ धुराडे विझले, तर त्या बदलाला न्याय म्हणता येणार नाही.

आपण काय करावे?

घराच्या छतावरील सौर संचासाठी केंद्र शासनाने २०२४ साली सुरू केलेल्या योजनेत ३ किलोवॅट किंवा अधिक क्षमतेसाठी ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान जाहीर झाले. आपल्या शाळा, वसतिगृहे आणि धर्मग्रामांच्या इमारतींना विस्तीर्ण छते आहेत. त्यांचा विचार धर्मग्राम परिषदांनी गांभीर्याने करावा. रविवारी मिस्सेला येताना शेजाऱ्याला आपल्या वाहनात जागा द्यावी. आणि ज्यांच्या घरी आजही एकच दिवा जळतो, त्यांना काटकसरीचा उपदेश करण्याआधी ज्यांच्या घरी दहा दिवे जळतात त्यांनी आपले दिवे मोजावेत.

निर्माणकर्त्या परमेश्वराने ही पृथ्वी आपल्या हाती सोपवली ती राखण करण्यासाठी. आपल्यानंतर येणाऱ्या लेकरांना ती राहण्याजोगी मिळावी, एवढी सुबुद्धी प्रभू आपणां सर्वांना देवो.