कार्ड ‘निगेटिव्ह’ आले, म्हणजे घरी जा असे नव्हे

गोंदियाजवळच्या बिरसीचे नाव जिल्ह्याबाहेर पोहोचले ते विमानतळामुळे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी बांधलेल्या या धावपट्टीवरून मार्च २०२२ मध्ये हैदराबादकडे प्रवासी विमान जाऊ लागले. पण धानाच्या बांधीत रोवणी करताना ज्याच्या छातीत कळ येते, त्याचा प्रवास वेगळा असतो. आधी ओवा, मग पित्ताची गोळी, मग गावातल्या डॉक्टरांचे इंजेक्शन. त्यानेही थांबले नाही, तर आरोग्य केंद्र किंवा थेट गोंदिया. तोवर दोन-तीन तास गेलेले असतात.

अशा ठिकाणी बोटाएवढ्या पट्टीवर हृदयविकार ओळखणारी ‘ट्रोपोनिन कार्ड टेस्ट’ वरदानासारखी वाटते. रक्ताचे काही थेंब टाकायचे आणि पंधरा-वीस मिनिटे थांबायचे. गर्भधारणेच्या चाचणीसारखीच, दोन रेषा उमटल्या तर पॉझिटिव्ह, एक उमटली तर निगेटिव्ह. प्रयोगशाळा नको, तंत्रज्ञ नको.

ही चाचणी उपयोगी आहे यात शंका नाही. घोटाळा होतो तो एका रेषेचा अर्थ लावताना.

ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतले प्रथिन. स्नायूला इजा झाली की ते रक्तात झिरपते, पण लगेच नाही. साध्या चाचणीत दिसण्याइतके ते वाढायला साधारण तीन ते सहा तास लागतात. म्हणजे दुखणे सुरू झाल्यावर तासाभरात धावत आलेल्या शहाण्या रुग्णाचेच कार्ड निगेटिव्ह येण्याची शक्यता अधिक! त्याला ‘गॅस आहे’ म्हणून परत पाठवले, तर लवकर येण्याचीच शिक्षा त्याला मिळते. शहरातल्या मोठ्या रुग्णालयांतील अतिसंवेदनशील चाचणी याहून कितीतरी कमी प्रमाण मोजते आणि आकडा देते. तरीही तिथे तो आकडा काही तासांत वाढतो का, हे पाहण्यासाठी बहुतेकदा पुन्हा रक्त घेतात. कार्डावर तर आकडाही नसतो.

उलट बाजूही आहे. मूत्रपिंडाचा जुना आजार, तीव्र जंतुसंसर्ग, हृदयाच्या स्नायूचा दाह यांतही ट्रोपोनिन वाढते. त्यामुळे दोन रेषा म्हणजे रक्तवाहिनी बंदच झाली, असेही म्हणता येत नाही.

म्हणून पहिला मान ईसीजीचा. रुग्ण आल्यापासून दहा मिनिटांत तो निघायला हवा. मुख्य रक्तवाहिनी पूर्ण बंद झाल्याचे त्यात दिसले, तर कार्डाची वाट पाहणे म्हणजे हृदयाचा स्नायू वाया घालवणे. दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी होणार नसेल, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आधी द्यावे, असे वैद्यकशास्त्र सांगते. गोंदियाहून नागपूर रेल्वेनेही सुमारे १३० किलोमीटर. रुग्णवाहिका बोलावण्यापासून कॅथलॅबच्या दारापर्यंतचा हिशेब कोणीही करावा. हे इंजेक्शन पहिल्या दोन-तीन तासांत सर्वाधिक गुणकारी असते आणि बारा तासांनंतर त्याचा फारसा उपयोग राहत नाही.

कार्डाची खरी जागा त्यानंतर येते. छातीत दुखते आहे, पण ईसीजी ठाम काही सांगत नाही, अशा रुग्णासाठी. त्यातही एक निगेटिव्ह पुरेसे नाही. रुग्णाला थांबवून घ्यावे, ईसीजी पुन्हा काढावा, काही तासांनी दुसरे कार्ड लावावे किंवा गोंदियाला पाठवावे. यासाठी एक खाट लागते, एक जागी परिचारिका लागते आणि रात्री ईसीजी वाचून देणारा कोणीतरी फोनवर लागतो. खरेदीच्या यादीत कार्डांचे खोके सहज बसते. या तीन गोष्टी बसत नाहीत. निधी अपुरा असेल, तर आधी चालू स्थितीतले ईसीजी यंत्र आणि ग्रामीण रुग्णालयात ते इंजेक्शन, मग कार्ड, हा क्रम योग्य.

शिबिरांत धडधाकट माणसांना ‘हार्ट टेस्ट’ म्हणून हे कार्ड लावणे तर निव्वळ फसगत. उद्या झटका येईल का, हे ट्रोपोनिनचे कार्ड सांगत नाही. त्यासाठी रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि तंबाखूची चौकशी, हीच जुनी वाट. पूर्व विदर्भात खर्ऱ्याची चौकशी तर हमखास हवी.

रुग्णाला पुढे पाठवताना चिठ्ठीवर नुसते ‘ट्रोपोनिन निगेटिव्ह’ लिहून भागत नाही. दुखणे किती वाजता सुरू झाले आणि रक्त किती वाजता घेतले, या दोन वेळा शेजारी असतील, तरच गोंदियातल्या डॉक्टरांना त्या एका रेषेचा अर्थ लागतो.