विश्लेषण : मधुमेहाची ‘जोडगोळी’ कोणाला कोणती?

हरसूल परिसरातले अनेक मजूर द्राक्षबागांच्या कामासाठी दिंडोरी, निफाडकडे जातात. पहाटे घर सोडायचे आणि डबा उघडायचा तो काम उरकल्यावर. अशा माणसाला मधुमेह असेल तर कोणती दोन औषधे एकत्र द्यायची, हे फक्त तपासणीच्या कागदावरून ठरत नाही.

दुसरे औषध का लागते?
टाइप-२ मधुमेहाचा उपचार बहुधा मेटफॉर्मिनने सुरू होतो. ते स्वस्त आहे आणि एकटे घेतल्यास साखर सहसा फार खाली जात नाही. मात्र काही वर्षांत शरीराची इन्सुलिन तयार करण्याची क्षमता घटते. मग जोडीला दुसरे औषध लागते.

तुलना काय सांगते?
अमेरिकेतील ‘ग्रेड’ चाचणीत मेटफॉर्मिन घेणाऱ्या ५०४७ रुग्णांना चारपैकी एक औषध जोडून देण्यात आले. सरासरी पाच वर्षांच्या पाहणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. साखर आटोक्यात ठेवण्यात ग्लार्जिन इन्सुलिन आणि लिराग्लुटाइड ही इंजेक्शने थोडी सरस ठरली. सिटाग्लिप्टिन मागे पडले. पण साखर गंभीररीत्या घसरण्याचे प्रमाण ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांत २.२ टक्के, तर सिटाग्लिप्टिन घेणाऱ्यांत ०.७ टक्के होते. डॅपाग्लिफ्लोझिनच्या गटातील औषधे या चाचणीत नव्हती. ती हृदय आणि मूत्रपिंडाला उपयोगी आहेत, पण लघवी वाढवतात. उन्हात राबणाऱ्याने ती घेताना पाणी कमी पडू देता कामा नये.

एकाच गोळीत दोन औषधे, मग अडचण कुठे?
मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड यांची एकत्रित गोळी सोयीची असते. विसरण्याची शक्यता कमी होते. परंतु पोटात अन्न नसले तरी ग्लिमेपिराइड इन्सुलिन स्रवायला लावते. जेवण लांबले की घाम, थरथर, भोवळ. त्यातले एकच औषध कमी करायचे म्हटले, तर गोळीच बदलावी लागते.

मग करायचे काय?
सिटाग्लिप्टिनचे पेटंट २०२२ मध्ये संपले. त्याच वर्षी जनऔषधी केंद्रांत त्याच्या ५० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या ६० रुपयांना मिळू लागल्या. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. पण फडताळात दुसरा पर्यायच नसेल, तर मोफत उपचारातही निवड उरत नाही. म्हणून हरसूलसारख्या भागातील सरकारी दवाखान्यांत दोन्ही प्रकारची औषधे बारमाही असायला हवीत. आणि डॉक्टरांनी ‘साखर किती?’ याआधी ‘जेवता कधी?’ हे विचारायला हवे.

रुग्णानेही मजुरीला निघण्यापूर्वी आपल्या जेवणाच्या वेळा डॉक्टरांना सांगाव्यात, गोळ्या मनाने बंद करू नयेत आणि खिशात साखरेची पुडी ठेवावी. भोवळ आली की ती लगेच खावी. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात मात्र काही घालू नये, थेट दवाखाना गाठावा.